दोन इंच सैल

१२ मार्च

ती. आत्या,

"आपली पिशवी आपण भरायची नसते गं गुंडे, आपल्याला आपली भीती तेवढी दिसते."

हे वाक्य तू मला म्हणाली होतीस, मी शाळेत होते तेव्हा. तू पलंगावर पाय हलवत बसली होतीस आणि आई खाली चादर पसरून तुझी डोंगरावर न्यायची पाठपिशवी भरत होती. मी विचारलं होतं, "जाणार आत्या, मग आईने का भरायची?" त्यावर तू हे म्हणालीस आणि आई खाली मान घालून हसली. तुला आठवत नसेल. मीही विसरले होते. गेल्या आठवड्यात एकदम आठवलं, कारण आता डोंगरावर मी चाललेय.

हसू नकोस. हसलीसच ना?

झालं असं, की माझ्या दुकानात एक डॉक्टरीणबाई कपडे अल्टर करायला येतात. डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. दर वर्षी आठ-दहा जणांना घेऊन उंच डोंगरात चालायला जातात. पँटची उंची कमी करायला आल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होते आणि त्या वरून सांगत होत्या, की एकीचं यायचं रद्द झालंय, जागा रिकामी आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येऊ?" टाचण्या तोंडात असताना माणसाने बोलू नये हे खरं.

मे महिन्याच्या मध्याला निघायचं. पाच हजार मीटरच्या वरची एक खिंड गाठून परत यायचं आहे. नवरा म्हणतो, "दोन मजले चढून आलीस की सोफ्यावर आडवी होतेस, बाईसाहेब, खिंडीत सोफा कुठून आणायचा?" पण त्यानेच जाऊन बूट आणले. लेक शिकायला गेल्यापासून घर इतकं नीटनेटकं राहतं की मला कधी कधी त्याची भीती वाटते. मला जायचंय, आत्या. खरंच जायचंय.

काल सामान काढून पलंगावर मांडलं आणि पिशवीत भरलं. पिशवी उचलायला गेले तर मीच तिच्यावर पडले. म्हणून विचारते, दोन दिवस येशील का? तू माझी पिशवी भर. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की मला भांडल्यासारखं वाटतं, म्हणून लिहिते.

तुझी,
गुंडी


१९ मार्च

गुंडे,

हसले. मग रडले. मग चहा केला.

मी येणार नाही. गुडघे दुखतात, प्रवास सोसत नाही, आणि डोंगराचं सगळं मी केव्हाच सोडून दिलंय. त्यात मला ओढू नकोस. पण तू जाणार आहेस हे वाचून या खोलीत कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं, तेवढं मान्य करते.

काय काय काढलंयस ते मला लिही. मी इथे बसून काट मारीन. इस्पितळात आयुष्यभर लोकांचे एक्स-रे काढले, आतलं न उघडता ओळखायची सवय आहे मला.

तोवर एवढं कर. नवे बूट आजपासून घाल. दुकानात घाल, बाजारात घाल, लोक हसले तर हसू देत. पायाला जे फोड यायचेत ते घरीच येऊन जाऊ देत. आणि रिकाम्या पिशवीत चार पाण्याच्या बाटल्या ठेवून रोज तुमचे ते दोन मजले चढ-उतर. कमरेचा पट्टा आवळायचा. ओझं खांद्याने नाही उचलायचं, कमरेने उचलायचं. सोफ्याला सांग, बाई आता उशिरा येणार.

आत्या


२७ मार्च

ती. आत्या,

बूट घालून दुकानात उभी राहते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पाय मोडला का?"

आता सामान. दोन जीन्स. सहा सुती शर्ट, कारण मला घाम आलेला कपडा परत घालवत नाही. लोकरीचे दोन स्वेटर, आईने विणलेला धरून. शाल. छत्री. चादर, कारण परक्या ठिकाणची चादर मला चालत नाही. घरातल्या चपला. गरम पाण्याची रबरी पिशवी. औषधांचा डबा, त्यात नवऱ्याचीही औषधं आहेत, तो येत नसला तरी. हात पुसायचे रुमाल, मोजले नाहीत. आणि शिवणाचा डबा. पूर्ण डबा, आत्या, मोठी कात्री धरून. कोणाचं काही उसवलं तर? मी तिथे असून कोणी उसवलेलं घालून फिरणार, हे मला बघवणार नाही.

लिहिताना लक्षात येतंय, की यात माझ्यासाठी फार थोडं आहे.

एक सांगू? रागावू नकोस. आई तुझी पिशवी भरायची तेव्हा मला तुझा राग यायचा. तू पाठीवर पिशवी टाकून दारातून बाहेर पडायचीस आणि आई परत भांड्यांकडे वळायची. तू जायचीस, ती राहायची. मी मनाशी म्हणायचे, आत्याची पिशवीसुद्धा आईनेच भरायची का? आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो राग एखाद्या विसरलेल्या टाचणीसारखा कुठेतरी राहिलाय आणि अधूनमधून टोचतो. आता तूच माझ्यासाठी इतका जीव लावून लिहितेस म्हणून सांगून टाकलं.

गुंडी


४ एप्रिल

गुंडे,

जीन्स दोन्ही बाद. भिजली की वाळत नाही आणि दगडासारखी जड होते. सुती शर्ट सगळे बाद. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि उंचावर थांबलीस की तोच घाम अंगावर बर्फासारखा बसतो. तू कापडाची माणूस, तुला हे मी सांगायचं म्हणजे कमाल. त्याऐवजी अंगालगत पटकन वाळणारं पातळ काहीतरी, त्यावर वहिनीचा स्वेटर (दुसरा नको, तोच), आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं. मोजे लोकरीचे. एक जोड फक्त झोपताना घालायचा, तो दिवसा पायात गेला तर मला तोंड दाखवू नकोस.

छत्री, चादर, चपला, शाल बाद. नवऱ्याची औषधं नवऱ्याजवळ. रबरी पिशवी बाद, रात्री पाण्याच्या बाटलीतच गरम पाणी भरून झोपायच्या पिशवीत पायांशी घ्यायची, सकाळी तेच प्यायचं. बॅटरीही उशाशी न ठेवता आत घे, थंडीने तिचा जीव जातो. शिवणाचा डबा ठेव घरी. एक सुई आणि थोडा जाड दोरा, बस. जगाचं उसवू दे, गुंडे. चार दिवस उसवू दे.

काळा चष्मा लिहिलेला नाहीस. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं. डोळ्यांच्या डॉक्टरबरोबर चाललीस आणि चष्मा विसरलीस!

वेगळ्या पार्सलने एक जाकीट पाठवलंय. आत पिसं आहेत. मुक्कामाला पोचलीस की सगळ्या कपड्यांवरून चढवायचं. माझ्याकडे पडून होतं. तू वापर, मला बरं वाटेल. परत पाठवू नकोस.

वहिनीबद्दल लिहिलंस ते वाचलं. रागावले नाही. त्याबद्दल मग लिहीन.

आत्या


११ एप्रिल

ती. आत्या,

जाकीट मिळालं! किती हलकं आहे गं. पार्सल उघडलं तर मला वाटलं आत नुसती हवाच आहे. मग हात घातला आणि मिनिटभरात हाताला ऊब आली. मी तशीच हात आत घालून बसले होते. गिऱ्हाईक समोर उभं, तरी.

तुझे किती आभार मानू? माझ्यासाठी इतक्या वर्षांत कोणी अशी काट मारत बसलं नव्हतं. मीच सगळ्यांना काय हवं, काय नको ते बघत आले. तुझं पत्र वाचताना वाटलं, कोणीतरी माझ्या खांद्यावर माप घ्यायची टेप ठेवली आहे आणि म्हणतंय, सरळ उभी राहा बघू.

पण एक विचारते. तू इतके डोंगर चढलीस आणि जाकीट असं कोरं कसं? कॉलरला मळ नाही, कोपरांना झीज नाही, खिशांच्या कडा दुकानातून आणल्यासारख्या. मी रोज लोकांचे जुने कपडे बघते, कपडा कुठे बसला, कुठे टेकला ते मला कळतं. हा कपडा कुठेच गेलेला नाही. आणि तू तर काडीसारखी. हे रुंद आहे. तेव्हा जाड होतीस की काय?

हो, ते रुंद होतं म्हणून मी परवा दोन्ही बाजूंनी आत घेतलं. दोन इंच गेले. माझ्या दुकानात शिरलेला सैल कपडा सैल परत जात नाही, तुला माहीत आहे. शिवण उसवली मात्र, आणि जी पिसं बाहेर आली! पंख्यात गेली, शिलाई मशीनवर बसली. समोरच्या चावीवाल्याला शिंका सुरू झाल्या. तो म्हणाला, "वहिनी, कोंबडी धरलीत का?" नवऱ्याने जेवताना माझ्या केसांतून एक पीस काढलं. पण आता असं बसलंय अंगाला! आरशासमोर वळून वळून बघितलं. डोंगरावर कोणी फोटो काढला तर निदान बेढब दिसणार नाही.

गुंडी


१५ एप्रिल

गुंडे,

कापड कापलंस का? एवढंच उलट टपाली कळव.

आत्या


१८ एप्रिल

ती. आत्या,

नाही कापलं. मी कधीच कापत नाही, जादा कापडाची माया आत तशीच राखली आहे. फक्त शिवण आत सरकवली.

काय झालं? काही चुकलं का माझं? तुझं एवढंसं पत्र पहिल्यांदाच आलं. दुकानात कशात लक्ष लागत नाहीये. एका माणसाच्या पँटचा एकच पाय आखूड करून ठेवला.

गुंडी


२३ एप्रिल

गुंडे बाळा,

कापलं नाहीस ना, मग काही चुकलं नाही. तुला घाबरवलं. पंधरा तारखेचं पत्र टाकून आले आणि लगेच वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं.

आधी कामाचं. ते जाकीट सैलच हवं. खाली तीन थर असतात. शिवाय आतली पिसं फुगली तर ऊब धरतात, दाबली तर नुसती पिसं. अंगाबरोबर केलंस तर उंचावर कुडकुडशील. तेव्हा उसव आणि होतं तसं कर.

आता दुसरं. ते माझं नाही, तुझ्या आईचं आहे.

मी पहिल्यांदा डोंगरावर जायचं म्हटलं तेव्हा घरात वादळ झालं होतं. लग्न नाही, नोकरीला नुकती लागलेली, आणि मुलगी डोंगरावर जाते म्हणे. तुझे आजोबा नाही म्हणून उठलेच होते. वहिनीला घरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, ती कोणासमोर बोलायची नाही. ती आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "वन्सं, तुमची पिशवी मी भरते." बास. भांडली नाही, बाजू मांडली नाही. पिशवी भरायला घेतली. आणि भरलेल्या पिशवीसमोर नाही कसं म्हणायचं, हे तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

तिने डोंगर पाहिलेला नव्हता. पण पिशवी भरायची म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. माझ्यापेक्षा तिला जास्त कळायला लागलं. दर वेळी माझ्या यादीत नसलेली एक वस्तू ती गुपचूप आत टाकायची. एकदा मेणबत्तीचा तुकडा, एकदा कापडात बांधलेला बुटाचा जादा बंद. मी चिडायचे, म्हणायचे, वहिनी, उगाच ओझं. आणि दर वेळी तीच वस्तू उपयोगी पडायची. वर तंबूत बसून मी तिला शिव्या आणि आशीर्वाद एकाच वेळी द्यायचे.

परत आले की पिशवी रिकामीही तीच करायची. मला हात लावू द्यायची नाही. एकेक वस्तू बाहेर काढायची आणि विचारायची. हा मोजा कुठे फाटला? ही मेणबत्ती कुठे जळली, तेव्हा बाहेर काय होतं? मोजा मोजा करत सगळा डोंगर तिला सांगून व्हायचा. तू झोपलेली असायचीस तेव्हा. तू तिला भांड्यांकडे वळताना पाहिलंस, ते खरंच. पण ती राहायची, एवढं सोपं नव्हतं ते. तिला राहावं लागलं, आणि राहूनही ती माझ्यापेक्षा जास्त ठिकाणी जाऊन आली. तुझी टाचणी काढून टाक.

जायचं तिलाही होतं. तुझी शाळा संपली त्या वर्षी आम्ही दोघी जाऊन ते जाकीट घेतलं. दुकानात ती माझे दोन स्वेटर एकावर एक घालून, वर ते चढवून आरशासमोर उभी राहिली. म्हणाली, "वन्सं, मी तर कापसाची गोणी दिसते!" आणि इतकी हसली की दुकानदारही हसला. घरी कोणी थट्टा करेल म्हणून माझ्याकडे ठेवलं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाली. मग तुझं कॉलेज, मग आजोबांचं आजारपण, तुझं लग्न, तुझं बाळंतपण. दर वेळी पुढच्या वर्षी. मग तीच गेली. मी ते दर उन्हाळ्यात सावलीत टांगून झटकते, पिसं बसू नयेत म्हणून.

तुला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू ते कपाटात जपून ठेवलं असतंस. मला ते थंडीत जायला हवं होतं.

आणि गुडघ्यांचं मी खोटं लिहिलं. गुडघे ठणठणीत आहेत, त्यांचा फोटो मी स्वतः पाहिलाय. वहिनीनंतर मी डोंगरावर गेले नाही, कारण पिशवी भरायला कोणी उरलं नाही. एवढंच.

आत्या


२ मे

ती. आत्या,

तुझं पत्र दुकानात वाचलं. शटर अर्धं खाली ओढलं. चावीवाला विचारायला आला तर म्हटलं, पिसं गेली डोळ्यांत.

तेव्हाच शिवण उसवायला घेतली. एकेक टाका, सावकाश. माझ्याच हाताचे बारीक टाके, उसवताना मीच मला नावं ठेवली. सुईची भोकं राहिली होती, त्यातून पिसं निघाली असती, म्हणून आतून रेनकोटला लावतात ती चिकटपट्टी लावली. बाहेरून काही दिसत नाही. मला तेवढं कळतं, की या जागी मी एकदा आईला आत घेतलं होतं आणि परत मोकळं सोडलं.

मग मे महिन्याच्या उन्हात, पंखा लावून, तू सांगितलेले तिन्ही थर अंगावर चढवले. पातळ बनियन, आईचा स्वेटर, वाऱ्याचं. त्यावर जाकीट. चेन गळ्यापर्यंत ओढली. आत्या, बरोब्बर बसलं. कुठे ओढत नाही, कुठे लोंबत नाही. मी इतकी वर्षं लोकांची मापं घेतेय, पण आईचं माप कधी घेतलं नव्हतं. आता माझ्या अंगाला ते कळलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, नवरा म्हणाला, "अगं, काढ, शिजशील!" पण त्यानेही थोडा वेळ काढायला लावलं नाही. मग हळूच म्हणाला, "आईंसारखी दिसतेस." मी म्हटलं, "कापसाची गोणी?" त्याला काही कळलं नाही, आणि मी हसत सुटले.

तुझ्यावरचा राग शोधला. नाहीये. त्या जागी दुसरंच काही आहे, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. आईच्या आयुष्यात इतकं हसू होतं, हे तू मला पार्सलने पाठवलंस. तू जायचीस म्हणून ती जायची. तू थांबली असतीस, तर तीही थांबली असती. मला वाटायचं, आभार तिचे मानायला हवेत आणि ती तर नाही. आता वाटतं, निम्मे तरी तुझ्याकडे पोचवता येतील.

आता माझं सामान. तू काट मारून उरलेलं सगळं चादरीवर मांडून ठेवलंय आणि त्याला मी हात लावत नाही. आपली पिशवी आपण भरायची नसते. नवरा भरू का म्हणाला. त्याने भरली तर त्यात नुसती बिस्किटं असतील.

या पत्राबरोबर एक पार्सल येईल. दचकू नकोस. ती तुझी पिशवी आहे. मी भरली आहे. पातळ बनियनं, लोकरीचे मोजे (झोपायचा जोड वेगळा, त्यावर लाल दोरा बांधलाय, म्हणजे चुकणार नाही), टोपी, काळा चष्मा, पाण्याची बाटली. वारा अडवणारं जाकीट मी शिवलंय, तुझ्या मापाच्या अंदाजाने, दोन इंच सैल. आणि तू न सांगितलेली एक वस्तू आहे, ती शोध. ओझं होईल म्हणून चिडशील. चीड.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. गाडी जिथपर्यंत जाते तिथे आम्ही दोन दिवस मुक्काम करणार, उंचीची सवय व्हायला. त्यापुढे चालत. गाडीत एक जागा आहे. तिथे एक लहानसं लॉज आहे, आम्ही वर जाऊन येईपर्यंत तुला तिथे राहता येईल. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. तू चालू नकोस. एक पाऊल टाकू नकोस, फक्त बसून राहा. वर जायच्या आदल्या दिवशी माझी पिशवी भरून दे, आणि मी खाली आले की रिकामी करायला बस. एकेक वस्तू काढ आणि विचार, हा मोजा कुठे फाटला.

मला माहीत आहे तू नाही म्हणणार. पहिल्या पत्रातच म्हणालीस, त्यात मला ओढू नकोस. पार्सल न उघडता परत पाठवशील, आणि वर लिहिशील की या वयात असला वेडेपणा नको. तुझं "नाही" ऐकून घ्यायची मी तयारी करून ठेवली आहे, मला राग येणार नाही. तरी विचारते, कारण वहिनीच्या मुलीने विचारायचं नाही तर कोणी?

आत्या, गाडी जाते तिथपर्यंत ये ना.

तुझी,
गुंडी